सहल क्रमांक सात

२० सप्टेंबर
जहाजावर, दुपारी

ही वही फ्रोसोनं दिली. म्हणाली, "आता तिकिटं फाडायची नाहीत तुला, निदान पानं तरी भर." वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहायला जागा आहे. तिथं लिहिलं: असिमिना, वय सहासष्ट, पिरेअस बंदर, तिकीट खिडकी क्रमांक चार, निवृत्त. वाचून फ्रोसो एवढी हसली की केबिनमधल्या पलंगावर आडवी झाली.

फ्रोसो माझ्या वरच्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यापासून तिला घरात करमत नाही, आणि तिला करमत नसलं की ती मला बाहेर काढते. या वेळी तिनं थेट जहाजाच्या सफरीवर काढलं. मी एकतीस वर्षं लोकांना बोटीची तिकिटं विकली. स्वतः बोटीत बसले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. आणि हे जहाज म्हणजे काही बोट नव्हे. यात तळलेल्या बटाट्यांचा वास नाही, कोंबड्या नाहीत, बाकावर झोपलेले शिपाई नाहीत. यात गालिचे आहेत.

सिरोस, पात्मोस, सामोस, खिओस, लेस्वोस आणि परत. खिओस चोवीस तारखेला. ते माझं बेट आहे. तिथं मी उतरणार नाही हे फ्रोसोला आधीच सांगून ठेवलं आहे. तिथं माझं कुणी नाही. म्हणजे थोरली बहीण आहे, थेक्ला, गावातल्या जुन्या घरात एकटीच राहते. पण एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही, तेव्हा ती असून नसल्यासारखीच. चोवीस तारखेला थेक्लाचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण, असतो. हा निव्वळ योगायोग आहे. तारखा फ्रोसोनं ठरवल्या.

प्रत्येक बंदरावर उतरून करायच्या सहलींची एक जाडजूड पुस्तिका केबिनमध्ये ठेवली आहे. फ्रोसोनं सगळीकडच्या जेवणाच्या सहलींवर खुणा केल्यासुद्धा. मी अजून उघडली नाही.

२१ सप्टेंबर
सिरोस

उघडली. खिओसचंच पान उघडलं, कारण पुस्तिकेची शिवण तिथंच उसवलेली होती.

तीन सहली आहेत. क्रमांक पाच: डोंगरावरचा मठ, नंतर समुद्रकाठी जेवण. क्रमांक सहा: मस्तकीचं, म्हणजे आमच्याकडच्या झाडांच्या सुगंधी डिंकाचं संग्रहालय, वातानुकूलित बसनं. क्रमांक सात: छायाचित्रणाची सहल. जाणकार छायाचित्रकाराबरोबर गावातून पायी, फक्त बारा जण. सातव्या क्रमांकाशेजारी एक फोटो छापला आहे. अरुंद गल्ली, भिंतींवर काट्यानं खरवडून काढलेली करडी-पांढरी नक्षी, वर कमानी, सज्जातून लोंबणाऱ्या टोमॅटोच्या माळा. फोटोखाली लिहिलं आहे, 'काळ जिथे थांबला आहे.' काळबीळ काही थांबलेला नाही, ती आमची गल्ली आहे. डावीकडचं तिसरं दार आमचं. फोटोत त्याची फक्त पायरी आली आहे, आणि पायरी ताजी चुन्यानं रंगवलेली आहे. म्हणजे थेक्लाचे गुडघे अजून चालतात.

न्याहारी झाल्यावर सहलींच्या काउंटरवर गेले आणि सात क्रमांकात नाव घातलं. मला छायाचित्रण शिकायची इच्छा पहिल्यापासूनच होती. पिरेअसमध्ये वेळ कुठं होता?

काउंटरवरच्या मुलीचं नाव मिर्तो. ती म्हणाली, "बाई, कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? फोन चालत नाही या सहलीला."

"आहे," मी म्हणाले. नव्हता. मग दुपारी जहाजावरच भाड्यानं घेतला. छायाचित्रकाराचं नाव स्ट्राटिस, चाळिशीचा, लेस्वोसचा माणूस, दाढीत थोडी पांढरी झाक. तो रोज चार वाजता डेकवर सगळ्यांना शिकवतो. बटण अर्धं दाबायचं, थांबायचं, मग पूर्ण दाबायचं. मी थांबायलाच विसरते.

"असिमिनाबाई, घाई काय आहे?" तो म्हणाला. "घर कुठं पळून जातंय का?"

संध्याकाळी

सहापर्यंत निवड बदलता येते. मी साडेपाचला जाऊन सात क्रमांक रद्द केला आणि सहा घेतला. संग्रहालयात सावली असते, आणि या वयात गल्ल्यांतून पायपीट कशाला? मिर्तोनं यादीत खाडाखोड केली. मी नोकरीत असताना अशा बायका माझ्या खिडकीवर यायच्या. आधी सिरोस, मग नको, आंद्रोस, मग परत सिरोस. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

२२ सप्टेंबर
पात्मोस

सकाळी मिर्तोकडे जाऊन सहा रद्द केला, सात घेतला. ती म्हणाली, "बाई, पेनच तुमच्याकडे ठेवून देऊ का?"

कॅमेऱ्याचे पैसे भरलेच आहेत, वाया कशाला घालवायचे, म्हणून हा बदल. बाकी काही नाही.

दिवसभर गावात फिरले. फ्रोसो एका उपाहारगृहात ऑक्टोपस खात बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "ती माझी मैत्रीण, मोठी कलावंत आहे, तिला त्रास देऊ नका."

चार वाजता स्ट्राटिसनं सगळ्यांची चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवली. कुणी मांजरं काढली होती, कुणी समुद्र, एका जर्मन बाईनं कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या फार सुंदर काढल्या होत्या. माझी चौतीस चित्रं आली. स्ट्राटिसनं आधी एक गोष्ट सांगितली: पांढऱ्या भिंती कॅमेऱ्याला फसवतात, तो त्यांना करड्या करून टाकतो, म्हणून उजेड आपणच हातानं थोडा वाढवायचा. मग म्हणाला, "असिमिनाबाई, ही सगळी दारं आहेत."

"हो. मला दारं आवडतात."

"आणि सगळी बंद."

"उघड्या दारातून आत बघणं बरं दिसत नाही," मी म्हणाले. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

"उद्या एक माणूस काढून आणा," तो म्हणाला. "एकच. विचारून काढा."

आता खरं काय ते लिहिते, कारण फ्रोसो केसांना गुंडाळ्या लावायला खालच्या मजल्यावर गेली आहे आणि तासभर येणार नाही.

आई गेली तेव्हा मी गावी होते. तिच्या पायाशी बसले होते. त्याबद्दल कुणी काही बोलू शकत नाही. पण तीन वर्षांनी, आमच्या रीतीप्रमाणे, तिला कबरीतून वर काढायचं होतं. हाडं काढायची, वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची, पेटीत घालून देवळाशेजारच्या खोलीत ठेवायची. ते लेकींचं काम. आम्ही दोघी लेकी. थेक्लानं दिवस ठरवला, पाद्र्याला सांगितलं, मला कळवलं. आणि त्या सकाळी मी तिला फोन करून सांगितलं की खलाशांचा संप आहे, बोटी बंद आहेत, येऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. थेक्ला म्हणाली, "काम झालंय." मग म्हणाली, "आता यायची गरज नाही." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर एकोणीस वर्षं. मी वाट पाहिली की ती बोलावेल. मी धाकटी आहे, रागावली ती होती, तेव्हा बोलवायचं तिनंच, असं माझं म्हणणं होतं. दर वर्षी खिओसच्या बोटीची शेकडो तिकिटं मी माझ्या हातानं दिली. एखाद्यानं गावाचं नाव घेतलं की विचारायचे, "मस्तकी कशी आहे यंदा?" आणि तो म्हणायचा, "चांगली आहे," नाहीतर, "पावसानं गेली." त्यावरून मी थेक्लाचं साल कसं गेलं ते ठरवायचे. एकदा गावातली आमच्या शेजारची बाई आली होती. मी खाली वाकले आणि दुसऱ्या मुलीला खिडकीवर बसवलं.

गुंडाळ्या लावून फ्रोसो आली. बाकी उद्या.

२३ सप्टेंबर
सामोस

पाच वाजता सात क्रमांक रद्द केला. जहाजावरच राहीन. ऊन फार आहे.

सहाला दहा कमी असताना परत गेले. मिर्तो म्हणाली, "बाई, आता नाही. तुम्ही सोडलेली जागा जर्मन बाईच्या नवऱ्यानं घेतली. बारा भरले."

मी म्हणाले, "बरं झालं." खरंच तसं वाटलं. मोकळं मोकळं वाटलं. मग तिथंच उभी राहिले. मागे रांग होती तरी हलता येईना. मिर्तोनं खुर्ची दिली. कुणीतरी पाणी आणलं. मला काहीही झालं नव्हतं.

तेवढ्यात फ्रोसो आली, अंगात तो भयंकर पिवळा झगा घालून. "काय झालं?" तिनं मिर्तोला विचारलं. मिर्तोनं सांगितलं.

"मग माझं नाव काढ आणि हिचं घाल," फ्रोसो म्हणाली.

"तुझं नाव?" मी विचारलं. "तू तर मठात जाणार होतीस ना, जेवायला?"

"पहिल्या दिवसापासून मी सातमध्ये आहे. कुणीतरी जागा धरून ठेवायला नको का? रोज तुझं हो-नाही चाललंय. मला माहीत होतं शेवटी तू खुर्चीत बसणार."

मिर्तोनं नाव बदललं. मग आम्ही डेकवर गेलो आणि मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, माझ्या गोष्टीत नाक खुपसायचा तुला काय अधिकार? चोवीस तारखेची सफर तूच मुद्दाम निवडलीस.

"मी?" फ्रोसो म्हणाली. "अगं मिना, मी पुस्तिका आणली तेव्हा तीन सफरी होत्या. मला ऑगस्टची हवी होती, अंजिरांच्या दिवसांतली. तू बोट ठेवून म्हणालीस, 'ही, वीस तारखेची.' मी म्हटलं असेल काही कारण."

मला असं आठवत नाही.

"आणि आता तिथं जाऊन करू काय?" मी म्हणाले. "तिनं बोलावलेलं नाही."

"नामदिवसाला बोलावतात का कुणी? वेडी आहेस का? दार उघडं असतं, जो येईल त्यानं यावं, गोड खावं, पुष्कळ वर्षं जग म्हणावं आणि निघावं. वैऱ्यालासुद्धा चमचाभर गोड द्यावंच लागतं. तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"मी फक्त फोटो काढायला चालले आहे."

"काढ की मग. कुणी अडवलंय?"

ती गेल्यावर मी बराच वेळ कठड्यापाशी उभी होते. समोर तुर्कस्तानचे डोंगर दिसत होते. मला थेक्लाचा आवाज आठवेना. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, रागावली की ती पाण्याचा घडा कसा आदळते तेसुद्धा आठवतं, पण आवाज काही केल्या येईना. आवाजच गेला तर मग काय राहिलं? मला तिची फार, फार आठवण येते. हे मी एकोणीस वर्षांत कुणाला बोलले नाही, वहीत तरी लिहावं.

आणि आता ते दुसरंही लिहिते. संप होता, पण आदल्या दिवशी संध्याकाळी मिटला होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खिडकीवरच बसले होते. रात्रीच्या बोटीची तिकिटं मीच विकली. खिओसची एकशे बारा. स्वतःसाठी एकशे तेरावं काढलं नाही. मला भीती वाटली. आईचं डोकं हातात घ्यायची भीती वाटली, बाकी काही नाही.

२४ सप्टेंबर
सकाळी, खिओस बंदर

फ्रोसोनं माझ्या डोक्यावर तिची रुंद टोपी चढवली आणि काळा चष्मा दिला. "आता तुला तुझी आईसुद्धा ओळखणार नाही," म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. ती जहाजावरच थांबते आहे. मठाची बसही तिनं जाऊ दिली.

बटण अर्धं दाबायचं. थांबायचं. मग पूर्ण.

त्याच दिवशी, दुपारी
थेक्लाच्या स्वयंपाकघरातून

क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

बसला चाळीस मिनिटं लागली. वाटेत दोन्ही बाजूंना मस्तकीची ठेंगणी झाडं, बुंध्याखाली पांढरी माती पसरलेली. जर्मन बाईचा नवरा माझ्या शेजारी होता. त्यानं विचारलं, झाडाखाली चुना कशाला? झाडाला चरे पाडले की चीक ठिबकतो, तो मातीत मळू नये म्हणून, हे मला सांगता आलं असतं. मी खांदे उडवले. स्वतःच्या रानातून मी तोंडात मिठाची गुळणी धरून गेले.

चौकात स्ट्राटिसनं दोन नियम सांगितले. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि साडेबाराला इथंच जमायचं. मग आम्ही गल्लीत शिरलो.

बायका उंबऱ्यांवर बसल्या होत्या, मांडीवर परातीएवढी ताटं, हातात बारीक सुरी. मस्तकीच्या एकेका खड्याला चिकटलेली माती काढत होत्या. तो वास आला आणि माझे डोळे भरले. चष्मा होता म्हणून बरं. समोरच्या घराच्या पायरीवर इसिडोरामावशी होत्या, आता नव्वदीच्या आसपास असतील, पाठीचं अगदी धनुष्य झालेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत ताटात पाहिलं.

डावीकडचं तिसरं दार बंद होतं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दार उघडं असेल असं धरून चालले होते. टेबलावर गोडाचं ताट, आत चार बायका, मीही बाकीच्या अकरा जणांच्या मागून आत जाईन, चमचा तोंडात घालीन, तिला बघीन आणि निघून येईन. एवढाच माझा बेत होता. तो मी स्वतःपासूनही लपवला होता, ते आता कळतं. पण नामदिवसाला दार कधी बंद असतं? घरात सुतक असेल तेव्हाच. आणि त्या घरात थेक्ला सोडून दुसरं कोण होतं जायला?

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काय करणार दुसरं? दाराचे फोटो काढत सुटले. एक, दोन, दहा. पांढरी पायरी करडी येत होती आणि उजेड वाढवायला हात वळत नव्हता.

मागे स्ट्राटिस इसिडोरामावशींशी बोलत होता. "मावशी, एक फोटो काढू का तुमचा?"

"काढ. दात नाहीत, सांगून ठेवते."

"आज सेंट थेक्ला ना? गल्लीत कुणाकडे गोड मिळेल या माझ्या मंडळींना?"

"गोड हवं तर वरच्या अंगाला जा. इथं एकच थेक्ला, आणि तिचं दार आजच्या दिवशी बंद असतं."

"सुतक आहे का?"

"कसलं सुतक! धडधाकट आहे, सकाळीच माझ्याशी भांडली. एकोणीस वर्षं झाली, नामदिवसाला दार लावून बसते. म्हणते, उघडं ठेवलं की दिवसभर कोण येतंय आणि कोण नाही ते बघत बसावं लागतं. त्यापेक्षा लावलेलं बरं."

मी कॅमेरा खाली केला नाही. कॅमेऱ्याच्या मागे रडता येतं, कुणाला दिसत नाही.

मग त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या टोपीवाल्या बाईला सांग, फोटो काढून दार उघडत नसतं. किल्ली बाहेरूनच आहे."

किल्ली खरंच बाहेर होती, दारालाच. आमच्या गावात ती तशीच असते. मी ती फिरवली. नामदिवसाला दार ठोठावत नाहीत, म्हणून ठोठावलं नाही.

आत अंधार होता, मागच्या अंगणाच्या खिडकीपाशी तेवढा उजेड. थेक्ला तिथं बसली होती, मांडीवर ताट. केस सगळे पांढरे. इतकी लहानखुरी झाली आहे. मी चष्मा काढला, टोपी काढली, आणि म्हणाले, "पुष्कळ वर्षं जग, थेक्ला."

तिनं हातातला खडा पूर्ण साफ केला. डब्यात टाकला. मग वर न बघता म्हणाली, "संप मिटला वाटतं."

तिचा आवाज. अगदी तसाच, थोडा घोगरा, शेवटी उतरणारा.

"संप नव्हता," मी म्हणाले. "म्हणजे होता, पण आदल्या संध्याकाळी मिटला होता. मला माहीत होतं. मी घाबरले, थेक्ला."

"मलाही माहीत होतं. रेडिओवर सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू खोटं सांगितलंस, मी खरं धरलं. घरातली गोष्ट आहे." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "किती जाड झालीस गं. बस."

मी बसले. ती उठली, पेल्यात गार पाणी ओतलं, मस्तकीच्या पांढऱ्या पाकाचा गोळा चमच्यावर घेतला आणि चमचा पाण्यात सोडून पेला माझ्यासमोर ठेवला. घडा मात्र आदळला. मी चमचा चाटत होते आणि रडत होते. ती म्हणत होती, "पाण्यात मीठ पडतंय."

साडेबारा वाजून गेले. स्ट्राटिस शोधत आला, दारातच थबकला. थेक्लाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आमची दोघींची नाकं एक आहेत, कुणालाही दिसेल.

"बस सुटते आहे, असिमिनाबाई," तो म्हणाला. "तीनला जहाज."

मी त्याच्या हातात कॅमेरा दिला. म्हणाले, "माणूस एकही नाही यात. सगळी दारंच आहेत."

त्यानं खांद्यावरची एक छोटी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "फ्रोसोबाईंनी सकाळी दिली होती. परत येणार नसेल तर द्या, येणार असेल तर दाखवूसुद्धा नका, म्हणाल्या." आत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, झोपायचा झगा आणि ही वही होती.

थेक्लानं त्यालाही गोड दिलं. त्यानं विचारलं, दोघींचा एक फोटो काढू का? थेक्ला म्हणाली, "आज नको. आज आम्ही दोघी भयंकर दिसतोय."

तीन वाजता बंदरावरचा भोंगा गावापर्यंत ऐकू येत नाही. तरी आम्ही दोघींनी घड्याळाकडे पाहिलं.

२५ सप्टेंबर
गावात

रात्री एकाच खोलीत झोपलो. ती लगेच घोरायला लागली.

आज सकाळी थेक्ला म्हणाली, "चल, वाइनची बाटली घे." मी कुठं म्हणून विचारलं नाही. देवळाशेजारच्या त्या खोलीची चावी आता तिच्याकडेच असते. आत फडताळांवर पेट्याच पेट्या, प्रत्येकीवर नाव, काहींवर फोटो. आमच्या आजोबांशेजारी आईची पेटी. लाकडी, निळी. थेक्लानं उतरवली आणि बाहेर अंगणात ओट्यावर ठेवली. मी म्हणाले, "थेक्ला, मला नको बघायला."

"नुसतं बघायचं नाहीये," ती म्हणाली, आणि झाकण उघडलं.

सगळं पांढरं, स्वच्छ, नीट रचलेलं होतं. मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. वरच्या बाजूला आईच्या स्वयंपाकघरातल्या रुमालाची एक पुरचुंडी होती, गाठ मारलेली. थेक्लानं ती माझ्या हातात दिली.

"हे काय?"

"उजवा हात. तो मी धुतला नाही."

मला काही कळेना. ती बाटलीचं बूच काढायच्या खटपटीत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"पाद्र्याला म्हटलं, एवढं राहू द्या, धाकटी यायची आहे. तो म्हणाला, असं अर्धवट ठेवत नाहीत. म्हटलं, आमच्या घरात ठेवतात. मोठा भांडला. मग म्हणाला, ठेवा, पण मी पाहिलं नाही."

"पण तू तर म्हणालीस, यायची गरज नाही."

"म्हणाले, काम झालंय, आता यायची गरज नाही घाईनं, तुझा वाटा ठेवलाय, सवडीनं ये. हे सगळं म्हणायच्या आतच फोन ठेवून दिलास."

"मी? फोन तू ठेवलास."

"मी कशाला ठेवीन?"

एकोणीस वर्षं मला हेच माहीत होतं की फोन तिनं ठेवला. तिला माहीत होतं की मी ठेवला. ते आता कोण सांगणार?

मी गाठ सोडली. माती वाळून घट्ट बसली होती. लहान लहान हाडं, बोटांची, सगळी सुटी, आणि दोन लांब. याच हातानं ती आमच्या वेण्या घालायची, आधी थेक्लाची, मग माझी. मी एक उचललं. त्याला वजनच नव्हतं. मी एवढ्यालाच घाबरले होते.

थेक्ला वाइन ओतू लागली. मी अंगठ्यानं माती चोळून काढू लागले. भरभर करत होते.

"हळू," थेक्ला म्हणाली. "आता कुठलं जहाज गाठायचंय तुला?"

मग मी हळू धुतलं. एकेक हाड वेगळं, दोन्ही बाजूंनी, आणि उन्हात थेक्लाच्या शेजारी ओट्यावर ठेवत गेले.